फोडणीचा वास, वारा आणि हरणाचं नाक

प्रश्न : मी लँकेस्टरजवळ राहतो. यंदा पहिल्यांदाच पेनसिल्व्हेनियाचा शिकारीचा परवाना काढलाय. कोर्स झाला, क्रॉसबो (बंदुकीसारखं धरून घोडा दाबून बाण सोडायचं धनुष्य) घेतला. ऑक्टोबरपासून एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात हरणासाठी बसणार आहे. ऑफिसातला मित्र म्हणतो, "तुमच्या घरात रोज फोडणी, हरीण तुला अर्ध्या मैलावरून ओळखेल." त्याने यादीच दिलीय : कोळशाचा थर असलेला सूट, ओझोनचं यंत्र, वास मारणारा स्प्रे, वेगळा साबण. सगळं मिळून सहाशे डॉलरच्या वर जातं. एवढा खटाटोप खरंच करावा का?

उत्तर : सूट घेऊ नका. ओझोनचं यंत्र तर मुळीच नको. बिनवासाचा साबण आणि रबरी गमबूट घ्या, आणि बाकी सगळं लक्ष वाऱ्याकडे द्या.

आधी फोडणीचं. तुमच्या भागातली हरणं माणसाच्या वासातच लहानाची मोठी होतात. शेणखत, डिझेल, लाकडाच्या शेगडीचा धूर, शेतकऱ्याची कुत्री हे सगळं त्यांच्या रोजच्या हवेत असतं. त्यात हिंग-लसणाची भर पडली म्हणून ती रान सोडून जात नाहीत. त्यांना भिववतो तो माणसाचा ताजा वास, आणि तोही जिथे एरवी माणूस नसतो अशा जागी, अगदी जवळून आलेला. तो फोडणी बंद करून थांबत नाही, कारण तो तुमच्या अंगाचा आहे. कातडीवरचे सूक्ष्मजंतू घामावर जगतात आणि वास तयार करतात. कातडीचे बारीक कण दर मिनिटाला हजारोंनी गळत असतात. श्वासातून अ‍ॅसिटोन, आयसोप्रीन, थोडा अमोनिया बाहेर पडतो, आणि श्वास काही धुऊन वाळत घालता येत नाही. वास ओळखणारी जनुकं माणसात चारशेच्या आसपास चालू असतात. हरणाच्या नात्यातल्या गाईत ती हजाराच्या आसपास आहेत. अशा नाकापुढे वास "शून्य" करण्याची भाषा ज्याला विकायचंय त्यानेच करावी.

सूटमागचं शास्त्र तसं खोटं नाही. सक्रिय कोळसा वासाचे रेणू आपल्या पृष्ठभागावर खरोखरच धरून ठेवतो. पण तो पृष्ठभाग भरतो. तो पुन्हा रिकामा करायला कारखान्यात कित्येकशे अंश तापमान लागतं, घरातला ड्रायर साधारण साठ-सत्तर अंशांपर्यंत जातो. शिवाय तोंड, मान, मनगटं उघडीच असतात. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे सूट घातलेली आणि न घातलेली माणसं लपवून शोधकुत्री सोडली होती. कुत्र्यांनी दोन्ही प्रकारची माणसं जवळजवळ सगळीच हुडकली. फरक पडला तो हवेमुळे.

ओझोनला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. तो वासाचे काही रेणू मोडतो हे खरं, पण तोच फुफ्फुसांनाही झोंबतो, आणि गमबुटांचं रबर नि कपड्यांचं इलॅस्टिकही खातो. ज्या घरात दम्याचा माणूस किंवा लहान मूल आहे तिथे ते यंत्र बंद कपाटातसुद्धा लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग वासाचा विचार करायचाच कशाला? क्रॉसबोची शिकार वीस-तीस यार्डांवरची असते म्हणून. तुमचा बाण सेकंदाला साडेतीनशे-चारशे फूट जातो, पण त्याच्या आधी दोरीचा आवाज पोहोचतो; तो अकराशे फुटांच्या वेगाने जातो. निवांत चरणारं हरीण बहुधा जागेवर राहतं. वासाने आधीच बिथरलेलं हरीण त्या आवाजासरशी खाली दबतं, वळतं, आणि छातीवर धरलेला बाण पोटात जातो. पोटात बाण लागलेलं जनावर तासन्‌तास तडफडतं आणि पुष्कळदा हाती लागत नाही. मी वाऱ्याबद्दल इतका हट्ट धरते तो यासाठीच. हरणाने मान ताठ केली, पुढचा पाय आपटला, फुरफुरलं, तर बाण सोडू नका. ते निघून गेलं तर जाऊ द्या.

आता वारा. झाडांच्या शेंड्यांवर वारा दिसतो तसाच तो खाली तुमच्याजवळ असेल असं समजू नका. मी खिशात मिल्कवीडच्या बोंडातला कापूस ठेवते. ही आपल्या रुईच्याच कुळातली वनस्पती. लहानपणी रुईच्या म्हाताऱ्या फुंकून उडवल्या असतील तर पुढचं सांगायला नको. एक तंतू सोडायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत पाहायचं. वारा पाहण्यासाठी विकतात ती पावडरची बाटली दोन हातांपुढचं सांगत नाही. हा तंतू चाळीस-पन्नास यार्डांवर कुठे वळतो, कुठे खाली बसतो, कुठे गोल फिरतो ते दाखवतो. तुमचा वास नेमका त्याच वाटेने जातो. शेताच्या कडेला सप्टेंबरात बोंडं तयार होतात, आत्ताच वेचून ठेवा.

मी वर, राज्याच्या उत्तरेला, पॉटर काउंटीतल्या डोंगरांत बसते, तिथे उताराचा वारा सगळ्यात महत्त्वाचा. उन्हाने उतार तापला की हवा वर चढते. सूर्य कलला की थंड, जड हवा पाण्यासारखी घळींतून खाली वाहते. म्हणून ऊन चढल्यावर हरणाच्या वाटेच्या वरच्या अंगाला बसावं, संध्याकाळी खालच्या अंगाला. पहाटे, उन्हं येण्याआधी, हवा अजून खालीच वाहत असते, आणि मग तासा-दोन तासांत ती उलटते. त्या उलटण्याच्या वेळी कापूस सारखा सोडत राहावा. तुमच्याकडे जमीन सपाट आहे, तिथे मुख्य वाऱ्यावर भिस्त ठेवता येईल. थंडीची लाट येऊन गेली की तो बहुधा वायव्येचा असतो. पण मका कापलेला आहे की उभा, मागे झाडांची भिंत आहे का, यावर तो फिरतो. शेतकऱ्याकडून दोन जागा मागून घ्या, एक वायव्येच्या वाऱ्याची, एक दक्षिणेच्या. वारा चुकीचा असेल त्या दिवशी जागेवर जाऊच नका. सुट्टी टाकलेली असते, जीव तळमळतो, तरीही नको. एकदा त्या जागी तिला माणसाचा वास लागला की जाणती मादी पुढचे बरेच दिवस तिथून लांबून जाते आणि पिल्लांनाही तसंच नेते.

जाण्याची वाटही तितकीच महत्त्वाची. हरणाची पायवाट ओलांडून मचाणावर चढलात तर वारा कितीही अनुकूल असो, जमिनीवर तुमचा माग राहतो. गमबूट त्यासाठी. चामड्याचे नि कापडी बूट वास धरतात आणि पावलागणिक सोडत जातात. वाटेत हाताने फांद्या बाजूला सारू नका.

बाकी स्वच्छतेचं थोडक्यात : शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणात धुवा, बाहेर दोरीवर वाळवा, झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत गॅरेजमध्ये ठेवा. स्वयंपाकघरातून ते अंगावर घालून जाऊ नका. मी गाडीपाशी पोहोचल्यावरच चढवते. त्या सकाळी केसांना खोबरेल नको, उदबत्ती नको. आदल्या रात्रीच्या दशम्या डब्यात घ्या, त्याने काही बिघडत नाही. जाड जॅकेट पाठीवर बांधून न्या आणि बसल्यावर घाला. चालताना घाम आला तर वास वाढतोच, पण त्याहून वाईट म्हणजे ओल्या अंगाने थंडीत तासन्‌तास कुडकुडत बसावं लागतं.

आणि एक गोष्ट वासापायी कधीही सोडू नका : गोचिडीवरचं औषध. गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम रोगाचे रुग्ण जास्त असलेल्या राज्यांत पेनसिल्व्हेनिया वरच्या क्रमांकांत आहे. कपड्यांना आणि बुटांना परमेथ्रिन लावून पूर्ण वाळवलं की त्याचा वास जवळजवळ राहत नाही. घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू आणि केस तपासा.

प्रश्न : मी विस्कॉन्सिनहून पेनसिल्व्हेनियात भावाकडे शिकारीला जातेय. आपला वास झाकायला आणि नर ओढायला हरिणीच्या मुताची बाटली न्यावी का?

उत्तर : नेऊ नका. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदू पोखरणारा रोग बिघडलेल्या प्रथिनांमुळे होतो, आणि ती प्रथिनं लाळेतून, मुतातून, विष्ठेतून पसरतात. मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात. तुमच्या राज्यात तो 2002 मध्ये सापडला, पेनसिल्व्हेनियात 2012 मध्ये. पेनसिल्व्हेनियाच्या रोगग्रस्त म्हणून आखलेल्या पट्ट्यांत नैसर्गिक मूत्र वापरायलाच नव्हे, रानात जवळ बाळगायलाही बंदी आहे. शिवाय त्या वासाने माणसाचा वास झाकला जात नाही. हरणाला दोन्ही वेगवेगळे कळतात.

प्रश्न : आम्ही अमरावतीचे. बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसायला मिळतंय. आम्हाला शिकार करायची नाही, फक्त प्राणी पाहायचेत. मग वासाची काळजी घ्यावी का?

उत्तर : घ्या, पण सोपी. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, तरी पाणवठ्यावर येणाऱ्या सांबराला तुमचा हेतू वासातून कळत नाही. मचाण वनखात्याने ठरवलेलं असतं, म्हणजे वारा निवडणं तुमच्या हाती नाही. जे हाती आहे ते करा. अत्तर, डिओ, डासांची उदबत्ती, गुटखा, सिगारेट वर्ज्य. उन्हाळ्याची रात्र आहे, घाम येणारच. धुतलेले सुती कपडे घाला आणि एक जोड बरोबर ठेवा. डास-चिलटांसाठी लांब बाह्या आणि पायमोजे पुरतात. खाणं कोरडं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात न्या : चिवडा, दशमी, गूळ. पिकलेली केळी, आंबे, मध नको. अस्वलाचं नाक फार तीक्ष्ण असतं आणि ते झाडावर चढतं. उरलेलं अन्न, सालं, कागद मचाणाखाली टाकू नका, सकाळी परत आणा. आणि रात्री मचाणावरून खाली उतरायचं नाही, लघवीसाठीसुद्धा नाही. झाकणाची बाटली बरोबर ठेवा.