पुढे एलएलबी करायचं असेल तर नागपुरात बीए कोणत्या कॉलेजातून करावं?

तुम्ही लिहिलंय की बारावी आर्ट्स झाली, घर काटोलला, वकीलच व्हायचंय आणि बीएनंतर तीन वर्षांचं एलएलबी करायचा विचार आहे. बाबांचा आग्रह नावाजलेल्या कॉलेजचा, म्हणजे पुढे लॉला सोपं जाईल. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि याच वाटेने आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबांना आधी हे सांगा. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश मिळतो तो सीईटीच्या गुणांवर. पदवी कुठून घेतली, कोणत्या विषयात घेतली, याचा एकही गुण त्यात नाही. पदवीला खुल्या वर्गाला 45 टक्के, ओबीसींना 42 आणि एससी-एसटींना 40 टक्के लागतात, एवढीच अट. दिल्ली विद्यापीठाला जायचं मनात असेल तर खुल्या वर्गाला 50 टक्के लागतात आणि सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलनेही 2022 पासून तीन वर्षांचा कोर्स सुरू केलाय, त्याची परीक्षा वेगळी. कॉलेजचं नाव यातल्या कुठल्याच दारावर विचारत नाहीत. एकाच कॉलेजातून पुढे जाता येतं असंही नाही: सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला मॉरिस कॉलेजचे, बोबडे एसएफएसचे (सेंट फ्रान्सिस डी सेल्स). दोन्ही कॉलेजं आपल्या नागपुरातलीच.

वकील व्हायचं पक्कं असेल तर बारावीनंतर थेट करता येणाऱ्या पाच वर्षांच्या लॉ कोर्सचा एकदा नीट विचार करा. एक वर्ष वाचतं. नागपूरजवळ वारंग्याला असलेल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती इंग्रजीतून असते आणि तयारी मागते. बाकी कॉलेजांना राज्याची पाच वर्षांची सीईटी चालते. आणि न्यायाधीश व्हायचं असेल तर वर्षांचा हिशोब आत्ताच करा. 20 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षं वकिली परत सक्तीची केली. तो निकाल देणाऱ्या पीठावर आपल्या अमरावतीचे, तेव्हाचे सरन्यायाधीश गवई साहेब होते. म्हणजे बीएची तीन, एलएलबीची तीन आणि वर वकिलीची तीन. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला चौथं, ऑनर्सचं वर्ष आलंय, पण एलएलबीला ते लागत नाही. तीन वर्षांनी पदवी घ्या आणि निघा.

तरीही मी स्वतः बीए करूनच लॉला गेले आणि मला त्याचा फायदा झाला. तो नावामुळे नाही झाला.

पहिल्या वर्षी मी ज्या कॉलेजात होते, तिथे हजेरी आपोआप लागायची. ग्रंथालयाचं दार बहुतेक वेळा बंद आणि उत्तरं गाईडमधून पाठ. गुण मिळाले, पण वर्षभरात मी स्वतःचं म्हणून एक पानही लिहिलं नाही. दुसऱ्या वर्षी कॉलेज बदललं. तिथे राज्यशास्त्राच्या मॅडम दर शनिवारी एका अग्रलेखाचा दहा ओळींत सारांश लिहून आणायला लावत. वही परत यायची ती पेन्सिलच्या खुणांनी भरलेली, आणि समासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा: ‘हे कोणी म्हटलं?’ लेखकाचं म्हणणं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, ते मला वेगळं दाखवावं लागायचं. वकिलीत आल्यावर माझा पहिला दाव्याचा मसुदा सिनिअरनी वाचला. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या वादाचं प्रकरण होतं. मी लिहिलं होतं, ‘प्रतिवादीने धुरा फोडला.’ त्यांनी पेन टेकवून विचारलं, ‘हे कोणी पाहिलं?’ मला त्या वह्याच आठवल्या.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. सकाळी अकराच्या सुमारास ग्रंथालयात जा आणि टेबलांवर मुलं बसलेली आहेत का ते बघा. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारा, ‘मागच्या महिन्यात सरांनी तुझी एखादी वही तपासून परत दिली का?’ ती आठवायला लागली तर समजून घ्या.

विषयांचं म्हणाल तर राज्यशास्त्र घ्या, संविधान तिथे ओळखीचं होतं. पण आवडत नसताना घेऊ नका. मराठी वाङ्मय घेतलं तर लॉला काय उपयोग, असं लोक म्हणतील. खालच्या कोर्टांत काम मराठीतून चालतं, दावे, जबाब, साक्षी मराठीत असतात, आणि चांगलं मराठी लिहिणारे ज्युनिअर मिळत नाहीत. इंग्रजी मात्र सोबत ठेवाच. उच्च न्यायालयात तेच लागतं.

काटोलहून रोज ये-जा करायची असेल तर वेळेचा हिशोब घाला. दिवसाचे तीन-साडेतीन तास एसटीत गेले की वाचायला उरतं काय? फी कमी असलेलं साधं कॉलेज आणि जवळ वसतिगृह जमलं, तर बाबांच्या खिशालाही ते बरं. वाचलेले पैसे एलएलबीच्या वेळी आणि त्याहून जास्त वकिलीच्या पहिल्या दोन वर्षांत लागतील. तेव्हा ज्युनिअरच्या हाती फार काही पडत नाही. घरी हे आत्ताच सांगून ठेवा.

अॅडमिशन घ्यायच्या आधी एक दिवस सिव्हिल लाईन्सला कोर्टात या. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, मोबाईल बंद करून मागच्या बाकावर बसायचं. पुकारा होतो, वकील उभे राहतात, तारीख पडते. दुपारी उलटतपासणी चालू असेल तर थांबा आणि शेवटपर्यंत ऐका. मग घरी जाऊन जे ऐकलं ते दहा ओळींत लिहून काढा.