‘कटपयादी’ला कूट म्हणावं का?

प्रश्न असा: “‘गोपीभाग्यमधुव्रात’ या वैदिक श्लोकात पायची (π) किंमत ३२ अंकांपर्यंत कूटबद्ध केली आहे आणि त्या पद्धतीला कटपयादी म्हणतात, असं वाचलं. हा शब्द कुठला? आणि ‘कूट’ इथे बरोबर आहे का?”

क, ट, प, य हे आदी ज्यात, ते कटपयादी. या चारही अक्षरांची किंमत १. क ते झ म्हणजे १ ते ९, ञ शून्य. ट ते ध पुन्हा १ ते ९, न शून्य. प ते म १ ते ५. य ते ह १ ते ८. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं. काना-मात्रेने किंमत बदलत नाही. मग आकडा उलटा वाचायचा, ‘अङ्कानां वामतो गतिः’. ‘जय’ हे महाभारताचं जुनं नाव. ज ८, य १, उलटवले की १८, आणि पर्वंही अठराच. कर्नाटक संगीतात तर हा रोजचा व्यवहार: मेचकल्याणी, मे ५, च ६, म्हणून पासष्टावा मेळ, म्हणजे मूळ राग.

आता ‘कूट’. (दाण्याचं कूट वेगळं, ते कुटण्यातून आलेलं.) संस्कृतात कूट म्हणजे शिखर, तसंच कपट आणि कोडंही. कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार. व्यासांनी गणपतीची लेखणी अडावी म्हणून कूटश्लोक घातले, ही कथा आपण ऐकलेली असते. कुटात ऐकणाऱ्याला चकवायचा हेतू असतो. कटपयादीत तो नाही, तिची किल्ली उघड्यावर टांगलेली आहे. आकडे छंदात बसावेत, पाठ व्हावेत, एवढ्यासाठी ती वापरली. म्हणून मी ‘संकेत’ म्हणेन.

पण तुमच्या प्रश्नातला खरा घोळ ‘वैदिक’ या शब्दात आहे. हा श्लोक कुठल्याही वेदसंहितेत नाही. तो प्रसिद्ध झाला पुरीचे शंकराचार्य भारती कृष्णतीर्थ यांच्या ‘वैदिक गणित’ या पुस्तकातून, १९६५ साली, त्यांच्या निधनानंतर. अंक मात्र खरंच लागतात! गो ३, पी १, भा ४, ग्य १, म ५, धु ९... एकतीस अंक अचूक. बत्तिसावा ‘र’ म्हणजे २, तिथे ५ हवा होता. त्याहून मला खटकते ती वाचायची दिशा. हा श्लोक डावीकडून उजवीकडे लागतो, आपण आज दशांश अपूर्णांक लिहितो तसा. केरळच्या शंकरवर्म्याच्या ‘सद्रत्नमाला’ या ग्रंथात (१८१९) पायसाठी ‘भद्राम्बुद्धिसिद्धजन्मगणितश्रद्धा स्म यद् भूपगीः’ अशी ओळ आहे. ती परंपरेप्रमाणे शेवटाकडून वाचायची: गीः ३, प १, द्भू ४, य १, स्म ५... सतरा दशांश स्थळं मिळतात. तिला कोणी ‘दडलेलं ज्ञान’ म्हणत नाही, कारण ग्रंथ गणिताचा आणि कर्ता माहीत असलेला.

एका अंकाला दोन ते चार अक्षरं, वर स्वर हवा तो. एवढी मोकळीक असली की पाहिजे तो आकडा पाहिजे त्या विषयात बसवता येतो, मग विषय कृष्ण असो की नाश्ता. काल चहा पिताना मी मराठीत एक जुळवली:

लेका, वाटी मध खा तू, मग मजा!

ले ३, का १, वा ४, टी १, म ५, ध ९, खा २, तू ६, म ५, ग ३, म ५, जा ८. म्हणजे ३.१४१५९२६५३५८, अकरा दशांश स्थळं बरोबर. यावरून फार तर एवढं कळतं की ओळ रचणाऱ्याला पायची किंमत आधी ठाऊक होती. ‘गोपीभाग्य’बद्दलही तेवढंच म्हणता येतं. आणि बारावं स्थळ मागू नका, पुढचे ९ ७ ९ मला काही केल्या मधाच्या वाटीत बसवता आले नाहीत.