पुढचं पुस्तक ठरतच नाही, मला काही झालंय का?

हा प्रश्न अधूनमधून कुणी ना कुणी विचारतंच, आणि विचारताना जरा लाजतं, कारण त्यांना वाटतं लोक इथे समुपदेशनाला मोडलेली लग्नं, गेलेल्या नोकऱ्या घेऊन येतात आणि आपण काय पुस्तकाचं रडगाणं लावलंय. म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

बाई ४३ वर्षांच्या. बसल्या बसल्याच म्हणाल्या, "मॅडम, मी लहानपणापासून वाचणारी, आणि चार महिने झाले एक पुस्तक पूर्ण होत नाहीये. रात्री काय वाचायचं ते ठरवण्यातच झोपायची वेळ होते. पाच उघडून ठेवलीत, पाचही अर्धवट." मग फोनमधली यादी दाखवली, वाचायच्या पुस्तकांची. २१२ नावं. ती दाखवताना त्यांचा चेहरा असा होता की जणू थकलेल्या हप्त्यांचा हिशोबच पुढे ठेवलाय.

पुस्तकांबद्दल मी आधी काही विचारलंच नाही. झोप, भूक, बाकीच्या गोष्टींत मन लागतंय का, हे विचारलं, कारण दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोजच, कशातच रस वाटत नसेल तर ते डिप्रेशनचं लक्षण असू शकतं आणि मग पुस्तक निवडीवर गप्पा मारणं म्हणजे ताप अंगात असताना पांघरूण बदलणं. त्यांचं तसं नव्हतं. गाणी ऐकत होत्या, मैत्रिणींना भेटत होत्या, झोपही ठीक. डोळे मात्र तपासून घ्या म्हटलं. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग इतकं कडक झालेलं असतं की जवळचं वाचताना थकवा येतो आणि खापर पुस्तकावर फुटतं. चष्मा लागला. प्रश्न तसाच राहिला!

मग मी एक चूक केली. मलाही वाचनाचं वेड, त्यामुळे उत्साहाच्या भरात मीच तीन पुस्तकं सुचवली. पुढच्या वेळी त्या आल्या तर यादी २१५ ची, आणि वर "तुम्ही एवढ्या प्रेमाने सांगितलीत आणि मी उघडलीपण नाहीत" हा नवा अपराधीपणा. म्हणजे ओझं कमी करायला आलेल्या बाईंच्या डोक्यावर मी आणखी तीन विटा ठेवल्या. तेव्हापासून मी कुणालाही पुस्तक सुचवत नाही. मागितलं तरी.

त्या म्हणाल्या, "पर्याय खूप झाले म्हणून असं होत असेल ना?" हे आता सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. त्यामागचा प्रयोग २००० साली छापून आलेला, शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी दुकानात जॅम मांडून केलेला. २४ प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी साधारण ३ टक्के लोकांनी विकत घेतलं आणि ६ च मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. पण पुढे २०१० मध्ये असे ५० प्रयोग एकत्र तपासले तर सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. म्हणजे पर्याय जास्त असले की प्रत्येकजण अडकतोच असं नाही. आपल्याला काय हवंय हेच ज्याला ठाऊक नसतं तो जास्त अडकतो, आणि मला या बाईंबाबत तीच शंका होती.

म्हणून एक काम दिलं. यादी बंद. गेल्या वर्षभरात वाचलेली पुस्तकं आठवायची, पण पुस्तक न उघडता, कुणाचा रिव्ह्यू न बघता, आणि प्रत्येकातलं आता काय डोळ्यांसमोर येतं तेवढंच लिहायचं. चांगलं होतं की वाईट ते नको, ग्रेट आहे असं लोक म्हणतात ते तर अजिबातच नको.

वर्षभरात १९ पुस्तकं वाचली होती. त्यातल्या १२ बद्दल एक ओळसुद्धा लिहिता आली नाही, आणि त्यातली बरीचशी पुरस्कारवाली किंवा 'वाचलंच पाहिजे' छापाची. जे आठवलं ते मात्र बारीकसारीक आठवलं. रात्रपाळीतली एक नर्स वॉर्डात फिरताना पावलांचा आवाज होऊ नये म्हणून कशी चालायची. घड्याळ दुरुस्त करणारा म्हातारा सुटे स्क्रू कुठल्या क्रमाने ठेवायचा. एका चरित्रातलं हिशोबाच्या वहीचं पान. त्या वाचून दाखवत होत्या आणि मध्येच थांबल्या, म्हणाल्या, "अहो, हे सगळे काम करणारे लोक आहेत."

मी गप्प बसले. (हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम.)

मग त्याच बोलत गेल्या, की मला माणसं त्यांचं काम कसं करतात ते वाचायला आवडतं, पण हे काय वाचन आहे का, वाचनाच्या ग्रुपमधल्या सगळ्या जड जड वाचतात, मी स्क्रूंबद्दल काय बोलणार, म्हणून मी त्या वाचतात तेच घेते आणि विसाव्या पानावर झोप येते. चार महिन्यांची गाठ इथे होती. रोज रात्री त्या पुस्तक निवडत नव्हत्या, ग्रुपमध्ये आपण कशा दिसू ते निवडत होत्या.

अर्धवट पाच पुस्तकांचं काय, हेही विचारलं त्यांनी. अमेरिकेतल्या नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल बाईंचा एक नियम आहे, तो सांगितला. ५० पानं वाचा, नाही पटलं तर सोडा, आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर १०० मधून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. सत्तरीतल्या माणसाला ३० पानांत निकाल द्यायची मुभा. त्या खूप हसल्या. पण सोडणं जमेल असं वाटत नव्हतं त्यांना, सुरू केलेलं संपवायचंच हे अंगात मुरलेलं, त्यामुळे आम्ही एवढंच ठरवलं की पाचही कपाटात मागच्या रांगेत ठेवायची आणि महिनाभर बघायचं कुठल्याची आठवण येते. एकाचीच आली.

तीन आठवड्यांनी मेसेज आला, "नवीन घेतलेलं ३८ व्या पानावर सोडलं मॅडम. ५० पर्यंत थांबले नाही, चालेल ना? दुसरं चालू केलंय, दीपस्तंभ सांभाळणाऱ्या माणसाचं. ग्रुपला सांगितलेलं नाही."