बर्नर पेटतो आणि लगेच बंद पडतो

प्रश्न : आमच्या डेअरीतल्या बॉयलरचा पीएनजी बर्नर पेटतो, पण काही सेकंदांत लॉकआउट होतो (सुरक्षेसाठी आपोआप बंद पडून अडकतो). ऑपरेटर रिसेट दाबत राहतो. काय तपासावे?

उत्तर : आधी ते वारंवार रिसेट दाबणे थांबवा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात न जळलेला गॅस भट्टीत साचू शकतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होऊ शकतो. प्री-पर्जची (पेटवण्याआधी पंख्याने भट्टीत हवा फिरवण्याची) वेळ तर कधीच कमी करू नका. तो गॅस बाहेर काढण्याचे काम तिचेच.

ज्योत दिसूनही बर्नर थांबतो, म्हणजे बहुधा तिचा सिग्नल कंट्रोलरपर्यंत पोचत नाही. गॅस कॉक आणि वीज बंद करून यूव्ही सेन्सरची (ज्योतीचा अतिनील प्रकाश ओळखणाऱ्या उपकरणाची) काच मऊ, कोरड्या कापडाने पुसा. त्याऐवजी आयोनायझेशन रॉड (ज्योतीतून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहावरून ती ओळखणारी दांडी) असेल तर काजळी, दांडीच्या चिनीमातीला गेलेला तडा आणि ढिले अर्थिंग पाहा. फेज-न्यूट्रल उलटे जोडल्यानेही हाच बिघाड येतो. हे ठीक असेल तर गॅसचा दाब आणि हवेचा डँपर (हवेचे प्रमाण ठरवणारी झडप) तंत्रज्ञाकडून तपासून घ्या.

दुरुस्तीनंतर बर्नर चालू असताना यूव्ही सेन्सर उपसून झाका. सुमारे 1 सेकंदात गॅस व्हॉल्व्ह बंद झाले नाहीत, तर बॉयलर चालवू नका. सेन्सर बायपास करणे हा उपाय नव्हेच.