परक्या मुलखात सगळं सांगून बसलो, ते खरं होतं का?

"मॅडम, मला एकच विचारायचंय. ते खरं होतं, की नुसता प्रवास होता?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्याने हा प्रश्न टाकला. वय ३३. चार वर्षांचं नातं संपून सहा महिने झाले होते, तेव्हा तो बारा दिवस एकटाच परदेशात फिरायला गेला. चौथ्या दिवशी, मुक्कामाच्या जागी, एका मुलीने त्याच्या कानातल्या इअरफोनकडे बोट दाखवून विचारलं, "काय ऐकतोयस?" ती तिसऱ्याच देशातली, तीही एकटीच निघालेली. पुढचे पाच दिवस दोघं बरोबर फिरले. फोनवर मिळून एक प्लेलिस्ट केली, एक गाणं तिचं, एक याचं. रात्रीच्या नऊ तासांच्या बसमध्ये दोघांनी एकेक इअरफोन कानात घालून ती ऐकली आणि मधल्या वेळात बोलत राहिले. आधीची नाती, डेटिंग अ‍ॅपचा आलेला वीट, कोण कुणाला का सोडून गेलं, पहिल्या भेटीत काय काय लपवलं. मग ती तिच्या देशात गेली, हा आपल्या घरी आला. या गोष्टीला तीन महिने झाले होते. सुरुवातीला तासाभरात येणारं तिचं उत्तर आता दोन-दोन दिवसांनी येत होतं.

(त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारी माणसं वेगळी, वयं वेगळी, पण वाक्य जवळजवळ तेच असतं. आणि जवळजवळ दर वेळी त्याच्या पोटात दुसरं एक दुखणं असतं, जे पहिल्या दिवशी बाहेर येत नाही. त्याच्या बाबतीत ते दुसऱ्या भेटीत आलं. खाली मान घालून तो म्हणाला, "घरी कुणालाच सांगितलं नाही ते तिला सांगितलं. आता ते तिच्याकडे आहे, आणि ती माझ्याकडे नाही."

पहिल्या भेटीत मी एक घाई केली होती. गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये 'परका माणूस' या विषयावर छोटंसंच पण फार मोलाचं लिहून ठेवलं आहे. जवळच्यांपासून जपून ठेवलेलं माणूस परक्यासमोर कबूल करून टाकतं, कारण तो आपल्या नात्यागोत्याच्या जाळ्यात कुठेच बांधलेला नसतो, असं त्याचं निरीक्षण. ते मी त्याला लगेच सांगून टाकलं. मला वाटलं, त्याला हलकं वाटेल. तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे तिच्या जागी कुणीही चाललं असतं?" माहिती चुकीची नव्हती, वेळ चुकीची होती. ज्याची आठवण अजून ओली आहे त्याला कारणमीमांसा ऐकवली की त्याला ती आठवण हिरावून घेतल्यासारखी वाटते. मी तसं त्याला सांगितलं आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बसपासून नाही, गाण्यांपासून.

त्याने फोन काढून माझ्यासमोर धरला. प्लेलिस्टमध्ये २३ गाणी होती. पहिलं तिचं, म्हणून तेविसावंही तिचं, निघायच्या दिवशी टाकलेलं. "चोविसावं माझं होतं," तो म्हणाला. "मी टाकलंच नाही." त्यातलं नववं गाणं तिच्या भाषेतलं होतं. बसमध्ये ती त्याला एकेक ओळ थांबवून अर्थ सांगत होती. एक मिनिट चाळीस सेकंदांवर तिने त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हटलं होतं, "आता ऐक." परत आल्यापासून तो ते गाणं रोज लावत होता आणि त्याच जागी बंद करत होता. त्या गाण्याचा पुढचा भाग त्याने तीन महिन्यांत एकदाही ऐकला नव्हता.

अनोळखी माणसं गाण्यांवरच का येतात, याचा अभ्यास झालेला आहे. रेंटफ्रो आणि गॉस्लिंग या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एकमेकांना न ओळखणाऱ्या तरुणांच्या जोड्या सहा आठवडे इंटरनेटवरून बोलत होत्या. ओळख करून घ्या, एवढंच त्यांना सांगितलेलं. सगळ्यात जास्त बोलणं निघालं ते संगीतावर. मला याचं नवल वाटत नाही. गाणं पुढे केलं की स्वतःबद्दल बरंच काही सांगून होतं आणि तरी तोंडाने काही कबूल करावं लागत नाही. समोरच्याला आवडलं तर तो एक पाऊल पुढे येतो, नाही आवडलं तर नापसंत झालेलं असतं ते नुसतं गाणं, आपण नाही. निदान तसं म्हणायची सोय राहते. जे थेट बोलायला कचरतात त्यांना हा रस्ता सोपा जातो. हा तसाच होता.

मधल्या काळात त्याने स्वतःच वाचन करून स्वतःवर एक खटला भरून ठेवला होता. तिसऱ्या भेटीला तो झुलत्या पुलाचा प्रयोग घेऊन आला. १९७४ चा, डटन आणि अ‍ॅरन यांचा, कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरचा. उंच, हलणारा पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एका तरुणीने काही प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. कमी उंचीच्या भक्कम पुलावरही हेच केलं. नंतर तिला फोन करणाऱ्यांत झुलत्या पुलावरचे पुरुष जास्त निघाले. भीतीने वाढलेली धडधड त्यांनी ओढ समजून घेतली असावी, असा त्याचा अर्थ लावला गेला. "माझं हेच झालं," तो म्हणाला. "नवी जागा, एकटेपणा, रात्रीची बस. ओढ वगैरे काही नव्हतंच."

मी त्याला म्हटलं, त्या पुलावरची भेट काही मिनिटांची होती. अनोळखी जागी काळीज जोरात धडधडतं, हे खरं. पण धडधड कुणाला नऊ तास ऐकायला लावत नाही. ती ऐकत होती, तुम्ही बोलत होता. पुलाने आवाज मोठा केला असेल, गाणं पुलाचं नव्हतं.

चौथी भेट मला अजून लख्ख आठवते. बसमध्ये तिला काय काय सांगितलं ते लिहून आणा, असं मी सुचवलं होतं. त्याने दीड पान आणलं, सगळं इंग्रजीत. दोघं इंग्रजीतच बोलले होते, दोघांचीही ती शिकलेली भाषा. वाचून दाखवताना त्याचा आवाज सपाट होता, एखादा अहवाल वाचावा तसा. मी म्हटलं, "यातलं एक वाक्य मराठीत सांगता?"

त्याने कागदावर बोट ठेवलं. तोंड उघडलं, मिटलं. पाण्याचा ग्लास उचलून न पिताच खाली ठेवला. मग म्हणाला, "इंग्रजीत हे एवढं मोठं नव्हतं, मॅडम."

आणि बऱ्याच वेळाने, "मी समोरच्याला कंटाळवाणा वाटेन, अशी मला भीती वाटते. म्हणून तसं व्हायच्या आत मीच निघून जातो." यानंतर तो रडला. चार वर्षांचं नातंही त्यानेच मोडलं होतं, आणि का मोडलं हे त्या मुलीला आजही माहीत नाही.

बहुभाषिकांच्या भावनांचा अभ्यास करणारे ज्याँ-मार्क देवाल यांनी २००८ मध्ये एक शोधनिबंध लिहिला, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य कोणत्या भाषेत जड वाटतं, याबद्दल. उत्तरं एकसारखी नव्हती, पण ज्या भाषेत आपण पहिल्यांदा बोलायला शिकलो तिच्यात ते सर्वांत जड वाटतं म्हणणाऱ्यांचा गट मोठा होता. नंतर शिकलेल्या भाषेत शब्द तेवढे बोचत नाहीत. म्हणून परदेशात, परक्या भाषेत, परक्या माणसासमोर जड गोष्टी सहज निघून जातात. यात लबाडी नाही, खोटेपणाही नाही. पण तिथे जे सहज निघालं ते आपल्या भाषेत, आपल्या माणसांत अजून बोलून व्हायचं असतं. हे काम उरलेलं असतं, आणि ते उरलंय याची जाणीव नसली की माणूस सगळा जीव त्या ऐकणाऱ्या व्यक्तीत अडकवून बसतो.

तेव्हा त्याच्या पहिल्या प्रश्नाचं मी दिलेलं उत्तर असं होतं. तुम्ही जे बोललात ते खरं होतं. आत्ता या खोलीत ते दुसऱ्यांदा, जास्त कष्टाने बोललात, म्हणजे ते पक्कं खरं. ती आणि तुम्ही मिळून काही आहात का, हा प्रश्न निराळा. त्याचं उत्तर पाच दिवसांत मिळत नाही, कारण त्या पाच दिवसांत कुणाला कामावर जायचं नव्हतं, कुणी आजारी पडलं नाही, घरभाड्यावरून कुणाचं बिनसलं नाही. ते उत्तर फक्त ती देऊ शकते. तिला विचारा.

त्याने आधी लिहिलेला मेसेज लांबलचक होता, त्यात तीन गाण्यांच्या ओळी होत्या. मी त्या काढायला सांगितल्या. एरवी कुणाचे शब्द मी बदलत नाही, पण इथे बदलले, कारण गाण्याआड लपून विचारलेल्या प्रश्नाला गाण्याआडूनच उत्तर येतं आणि मग महिनाभर त्याचा अर्थ लावत बसावं लागतं. शेवटी पाठवला तो एवढाच: "आपलं बोलणं कमी झालंय हे मला जाणवतं. मला तू आवडतेस. पुढे काही होऊ शकतं असं तुला वाटतं का? नाही असेल तरी स्पष्ट सांग, मला ते चालेल."

उत्तर चार दिवसांनी आलं. ती तिच्या गावात कुणाला तरी भेटू लागली होती. ते पाच दिवस तिलाही मोलाचे वाटत होते, प्लेलिस्ट तिने ठेवली होती. पुढे काही होईल असं तिला वाटत नव्हतं. त्याला फार लागलं. दोन आठवडे झोप नीट नव्हती, कामात चुका होत होत्या. पण त्या दोन आठवड्यांत "ते खरं होतं का" हा प्रश्न त्याने एकदाही विचारला नाही.

त्याच्यासारखंच फिरायला निघणाऱ्यांना इथे थोडं सांगते, कारण हे बोलणं वेळेवर झालं असतं तर त्याचे तीन महिने वाचले असते. मन मोकळं करायला माझी कधीच हरकत नाही. फक्त पहिल्या एक-दोन दिवसांत साध्या शब्दांत विचारून घ्या: तू इथे किती दिवस आहेस, कुणाशी नात्यात आहेस का, इथून निघाल्यावर आपण काय समजायचं? 'डेट' हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरला जात नाही. कुठे दोनदा भेटलं की नातं धरतात, कुठे दोन महिने झाले तरी नाही. विचारल्याने जादू मोडेल असं वाटतं. मोडत नाही. मोडलीच तर ती घरी आल्यावर मोडण्यापेक्षा तिथे मोडलेली बरी. शिवाय मन उघडं करणं वेगळं आणि खोलीचं दार उघडं करणं वेगळं. पहिल्या भेटी चारचौघांत ठेवा, मुक्कामाचा पत्ता आणि खोलीचा नंबर लगेच देऊ नका, आपण कुठे आहोत हे घरच्या एका माणसाला तरी माहीत असू द्या. आणि परत आल्यावर कितीही हळव्या कारणासाठी पैसे मागितले गेले, तर आधी दुसऱ्या कुणाशी तरी बोला.

तीनेक महिन्यांनी तो एक नवा प्रश्न घेऊन आला. एका मुलीशी ओळख झाली होती, दोनदा भेटणंही झालं होतं. ती विचारत होती, तुला कुठली गाणी आवडतात? "ते नववं गाणं हिला ऐकवलं तर ती फसवणूक होईल का?" हेही मला पुष्कळ जण विचारतात. माझं मत असं की गाणं कुणा एकाच्या नावावर होत नाही. पण ते परीक्षा म्हणून लावू नका. आपण ज्या गाण्यावर मरतो ते चालू असताना समोरची व्यक्ती फोन बघू लागली की आत काहीतरी तुटतं, हे खरं. ती मात्र ते पहिल्यांदाच ऐकत असते. पहिल्या ऐकण्यात कुणी नापास होत नसतं, आणि ऐकता ऐकता आवडलेली गाणी आपल्या प्रत्येकाकडे आहेत. तो विचार करून म्हणाला, "मग हे नको. दुसरं ऐकवतो. हे आधी घरी ऐकवायचंय."

घरी म्हणजे मोठ्या बहिणीला. ते चौथ्या भेटीतलं वाक्य तिला सांगायचं, असं आमचं कधीचं ठरत होतं आणि राहत होतं. मागच्या महिन्यात त्याने ते सांगितलं. मराठीत. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, तेव्हाच का नाही बोललास माझ्याशी?" आणि मग, "कुठलं गाणं ते? लाव बघू."

त्याने लावलं. ती मध्ये मध्ये विचारत होती, याचा अर्थ काय, आणि तो आठवेल तसा सांगत होता. काही ओळी बहुतेक चुकल्या, तो म्हणाला. एक मिनिट चाळीस सेकंदांवरची ती जागा कधी येऊन गेली, त्याच्या लक्षातच आलं नाही. शेवटी एक लांब व्हायोलिन आहे, ते त्याने त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

जुन्या नात्यातल्या मुलीला काही कळवावं का, हे अजून ठरलेलं नाही. त्यावर बोलायला आम्ही पुढच्या महिन्यात भेटणार आहोत.