जिंकलो तर वकिलाची फी परत मिळते का?

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या संस्थेच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की मी हिशोबात पैसे खाल्ले. साफ खोटं आहे. अब्रूनुकसानीचा दावा लावायचा म्हणतोय. मित्र म्हणतात बिनधास्त लाव, हरणाऱ्यालाच सगळा खर्च द्यावा लागतो. वकीलसाहेब मात्र नुसते हसले आणि ‘बघू’ म्हणाले. नक्की काय असतं?
– एक वाचक

उत्तर : दादा, मित्र अर्धंच खरं सांगतायत. इंग्लंड, भारत आणि त्याच वळणाचे कायदे असलेल्या बऱ्याच देशांत साधारण नियम हाच, की हरेल त्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्ये तर असंही आहे की कोर्टाला हा नियम मोडायचा असेल तर त्याचं कारण लेखी द्यावं लागतं. पण त्याच कलमाची सुरुवात काय आहे, तर कोणी द्यायचा आणि किती द्यायचा हे कोर्ट ठरवणार. आणि अब्रूच्या दाव्यात हे ठरवणं फार अवघड जागी येऊन बसतं, कारण इथे माणूस जिंकूनही हरलेला असू शकतो.

१८७८ ची लंडनची केस घ्या. समीक्षक रस्किनने चित्रकार व्हिस्लरबद्दल छापलं की हा लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं फेकतो आणि वर त्याचे दोनशे गिनी मागतो. व्हिस्लर चिडला, हजार पौंडांचा दावा लावला. ज्युरी म्हणाली हो, बदनामी झालीय, आणि भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा पाव हिस्सा! जजने खर्चही देववला नाही, ज्याचा त्याने सोसायचा. रस्किनचा खर्च त्याच्या चाहत्यांनी वर्गणी काढून भागवला, व्हिस्लर मात्र पुढच्याच वर्षी दिवाळखोर झाला. निकालपत्रावर जिंकलेला तोच होता बरं का.

म्हणजे कोर्ट नुसतं कोण जिंकलं ते बघत नाही, जिंकून हातात काय पडलं तेही बघतं. आणि त्याहून महत्त्वाचं, आधी काय देऊ केलं होतं ते. १९६४ साली लंडनमध्येच डॉ. डेरिंग यांनी लेखक लिऑन युरिसवर लावलेला दावा चालला, त्यात समोरच्यांनी आधीच २ पौंड देऊ केले होते, डॉक्टरांनी ते नाकारले आणि ज्युरीने भरपाई दिली अर्धा पेनी. देऊ केलेल्या रकमेपेक्षा कमी मिळालं ना, मग त्यानंतरचा खर्च जिंकलेल्या डॉक्टरांच्याच गळ्यात, तो होता हजारो पौंडांत. म्हणून माझं म्हणणं असं की समोरच्याने लेखी माफीनामा आणि थोडीफार रक्कम देऊ केली तर रागाच्या भरात कागद फाडू नका, तो कागद पुढे खर्चाच्या वेळी कोर्टापुढे येऊ शकतो.

तुमचं वागणंही बघतात. नोटीस दिली का, पोस्ट काढायची संधी दिली का, पुरावे नीट दिले की लपवले. २०२२ मधला वार्डी विरुद्ध रूनी हा फुटबॉलपटूंच्या बायकांचा दावा तुम्ही बातम्यांत बघितला असेल. वार्डी हरल्या, पुरावा मुद्दाम नष्ट केल्याचं कोर्टाने म्हटलं, आणि मग रूनींचा ९० टक्के खर्च त्यांनी द्यावा असा आदेश झाला, त्यातले ८ लाख पौंड आधी भरायला सांगितले. शिवाय खर्चाचा हिशोब कडक पद्धतीने. एरवी बिलातली एखादी रक्कम वाजवी आहे का अशी शंका आली तर फायदा पैसे देणाऱ्याला मिळतो, कडक पद्धतीत तो घेणाऱ्याला मिळतो. बारीक फरक वाटतो पण मोठ्या बिलात तो फार जड जातो.

आता तुमच्या वकिलांच्या हसण्याचं कारण. खर्च मिळाला तरी जेवढी फी दिली तेवढी परत येईलच असं नाही. भारतात सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या केसमध्ये सांगितलं की खर्च प्रत्यक्ष झालेला आणि वाजवी असावा, पण मुळात खोट्या, त्रास द्यायला लावलेल्या दाव्यासाठी कलम ३५-अ मध्ये जी जादा भरपाई आहे तिची मर्यादाच ३,००० रुपये. हसू नको तर काय!

प्रश्न : माझ्यावर एका बड्या माणसाने दावा लावलाय. लेख खरा आहे. तो मध्येच मागे घेईल असं वाटतं, मग माझा खर्च बुडाला का?
– एक लेखिका

उत्तर : नाही, मागायचा. इंग्लंडमध्ये दावा मागे घेणाऱ्याने समोरच्याचा खर्च द्यायचा हाच मूळ नियम आहे. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नुसार कोर्ट त्याच्यावर खर्च लावू शकतं, मात्र आपण अर्ज करून मागितला नाही तर मामला तसाच मिटतो, म्हणून पावत्या आत्तापासून जपा.

अमेरिकेत मात्र ज्याचा त्याने खर्च. पण तोंड बंद करायला लावलेल्या दाव्यांसाठी तिथल्या बऱ्याच राज्यांनी वेगळे कायदे केलेत, कॅलिफोर्नियाचा १९९२ चा. दावा सुरुवातीलाच उडाला तर प्रतिवादीची वकील फी वादीने द्यायची. गंमत म्हणजे अशा कायद्याचा फायदा बड्यांनाही होतो, २०१८ मध्ये अभिनेत्री स्टॉर्मी डॅनियल्सचा ट्रम्पवरचा अब्रूनुकसानीचा दावा टेक्ससच्या अशाच कायद्याखाली उडाला आणि तिलाच जवळपास २ लाख ९३ हजार डॉलर द्यायचा आदेश झाला.

एक बघून ठेवा, समोरच्याकडे पैसे आहेत का. लेखक डेव्हिड आयर्विंग एका प्रकाशकावर लावलेला अब्रूचा दावा २००० मध्ये लंडनला हरला, २००२ मध्ये दिवाळखोर ठरला, त्यामुळे जिंकलेल्या प्रकाशकाच्या हाती खर्चाचा आदेश असून उपयोग काय? तुमचा वादी बडा आहे म्हणताय, म्हणजे ही काळजी तुम्हाला नाही. पण तो परदेशात राहणारा असेल तर खर्चाची हमी आधीच जमा करायला लावा असा अर्ज करता येतो, वकिलांना विचारा.