मुसळीचं गाव शोधताय? आधी पाणी विचारा

भो, मुसळी कुठल्या भागातली ते आयसोटोप तपासणीने (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) शोधायला तू लॅबचे रेट विचारतोय पण नमुना कसा घेतला ते सांगितलंच नाही, खरी मेख तिथेच आहे. व्यापारी म्हणतो सातपुड्याची जंगली सफेद मुसळी, तर नुसत्या कार्बनवर जाऊ नको, गहू घे की मुसळी, सी-३ पद्धतीने हवेतला कार्बन घेणारी झाडं सगळी उणे २७ प्रति हजारच्या (ठरलेल्या मापापेक्षा जड कार्बन इतका कमी) आसपासच येतात. ऑक्सिजन-हायड्रोजन बघ, त्यात पावसाचं पाणी बोलतं, समुद्रापासून लांब आणि उंचावर पावसाच्या पाण्यातले जड अणू कमी होत जातात. पण शेतकऱ्याने बोअर किंवा तळ्याचं पाणी दिलं असेल तर आकडे हलतात, तळ्यातलं पाणी बाष्पीभवनाने जड होतं ना. मी पहिल्या वर्षी हेच विचारलं नाही आणि चोपड्याकडची शेतातली मुसळी भलत्याच भागाची समजून बसलो 😅

नायट्रोजनही कर, त्यावरून खत कळतं: युरियाचा आकडा शून्याच्या जवळ, शेणखताचा बराच वर. जमिनीसाठी स्ट्रॉन्शियम (खडक-मातीतून झाडात येणारा धातू), पण आपल्याकडे बहुतेक काळा बेसाल्ट, त्यामुळे यावलची आणि तोरणमाळची मुसळी वेगळी ओळखायला ते एकटं पुरणार नाही.

मुळाची माती ब्रशने नीट काढ, वाळव, बारीक दळ. आणि जिथली मुसळी तू स्वतः खणली असे नमुने आधी जमव, त्याशिवाय तुलना कशाशी करशील?